दुकानदारांनी मागून घेतलेली पट्टी

टोरांटो शहराच्या पश्चिम भागातून ब्लूर स्ट्रीट नावाचा लांबलचक रस्ता जातो. ११ मे १९६८ या दिवशी भुयारी रेल्वे या भागापर्यंत पोहोचली आणि वरच्या रस्त्यावरची ट्राम बंद झाली. प्रवाशांसाठी आनंदाचाच दिवस होता तो. कॅनडातल्या हिवाळ्यात बर्फात पाय रोवून ट्रामची वाट बघणं संपलं. पण जेन आणि रनीमीड या दोन स्थानकांच्या आसपास ज्यांची दुकानं होती, त्यांचं गणित त्या दिवसापासून चुकू लागलं. ट्राम सावकाश जायची, थांब्याथांब्यावर थांबायची आणि तिच्या खिडक्यांतून रोज कितीतरी डोळे दुकानांच्या काचांवरून फिरायचे. कुणाला बूट दिसायचे, कुणाला ताजा पाव, कुणाला दुरुस्तीला टाकायचं राहिलेलं घड्याळ आठवायचं. आता ती सगळी माणसं त्याच रस्त्याखालून, अंधारातून, दुप्पट वेगाने जाऊ लागली.

दुसरं संकट चारच वर्षांपूर्वी येऊन बसलं होतं. १९६४ मध्ये शहराच्या उत्तरेला यॉर्कडेल नावाचा अवाढव्य मॉल उघडला होता. एका छपराखाली सगळं, बाहेर उणे दहा तापमान असलं तरी आत उबदार, आणि गाडी लावायला मैदानासारखी जागा. ब्लूरवरच्या एकट्यादुकट्या दुकानाने त्याच्याशी झुंजायचं कसं?

याच प्रश्नातून पुढे जे निघालं, त्याचं मला फार नवल वाटतं. या दुकानदारांनी सरकारकडे अनुदान मागितलं नाही, करमाफीही मागितली नाही. आमच्यावर आणखी एक कर लावा, आणि तो सक्तीने वसूल करा, असं ते म्हणाले.

जगात व्यापारी करासाठी रस्त्यावर उतरतात ते तो रद्द व्हावा म्हणून. इथे उलटं झालं, आणि ते का झालं हे समजून घ्यायला मॉल आणि रस्ता यांच्यातला एक साधा फरक बघावा लागतो. मॉलला एक मालक असतो. तो प्रत्येक गाळेधारकाकडून भाड्याबरोबर सामायिक खर्चाचे पैसे घेतो. त्यातून झाडलोट होते, दिवे लागतात, नाताळची सजावट होते, जाहिरात होते. आपल्याकडे फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावायला नको; सोसायटीचा मेंटेनन्स तो हाच. रस्त्याला मात्र मालकच नसतो. म्हणजे नगरपालिका असते, पण ती हजारो रस्त्यांची. ती दिवा लावील, पण तो दिवा तुमच्या बाजाराला शोभेल असा असावा ही तिची काळजी नसते. शंभर दुकानं, शंभर मालक, आणि दुकानांच्या मधली जागा कुणाचीच नाही.

मग वर्गणी काढायची. ब्लूरवर व्यापाऱ्यांची संघटना होती, वर्गणीही निघत असे. पण वर्गणीचं दुखणं जगभर एकच. दहा दुकानदारांनी मिळून पदपथावर फुलझाडं लावली, तर ती फुलं अकराव्याच्या दारातही दिसतात. त्याने एक डॉलर दिला नाही तरी त्याच्या दुकानापुढे गर्दी वाढते. आयत्या पिठावर रेघोट्या ओढता येत असतील तर पीठ दळायला कोण बसणार? पुढच्या वर्षी दहातले चार जण अकराव्यासारखे शहाणे होतात, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी तिघे, आणि शेवटी उरलेल्यांचाही धीर सुटतो. यात कुणी दुष्ट नसतो, प्रत्येक जण आपापल्या गल्ल्यापुरता बरोबरच वागत असतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये याच विषयावर एक ग्रंथ लिहिला. सगळ्यांच्या हिताची गोष्ट मोठ्या गटाकडून आपोआप होत नाही, कारण फायदा वाटून मिळतो आणि कष्ट मात्र एकट्याला पडतात, असं त्यांचं म्हणणं. ब्लूरवरच्या दुकानदारांनी ओल्सन वाचले असतील असं मला वाटत नाही. त्यांना ते वर्गणीच्या वहीतल्या कोऱ्या रकान्यांत दिसलं असेल.

या मंडळींमध्ये नील मॅक्लेलन नावाचे एक व्यावसायिक होते. त्यांच्या पुढाकाराने शहराशी बोलणी सुरू झाली. मागणी अशी होती: नकाशावर आमच्या बाजाराभोवती एक रेघ काढा. रेघेच्या आतल्या प्रत्येक धंद्याच्या जागेवर नेहमीच्या मालमत्ता कराबरोबर एक जादा पट्टी बसवा. ती शहराने वसूल करावी, म्हणजे कुणाला चुकवता येणार नाही. आणि जमलेली रक्कम पूर्णच्या पूर्ण आम्हाला परत द्या. ती या रेघेच्या आतच खर्च होईल.

पट्टी हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. घरपट्टी, पाणीपट्टी म्हणताना त्या शब्दात एक हिशेब दडलेला असतो: अमुक गोष्टीसाठी अमुक पैसे. सर्वसाधारण कर तिजोरीत जातो आणि तिथून कुठे जाईल ते देणाऱ्याला कळत नाही. ब्लूरची मागणी पाणीपट्टीच्या जातीची होती. ज्याला लाभ, त्याच्यावर भार. हे तत्त्व मुंबईलाही जुनं आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात, नव्या रस्त्यांमुळे ज्याच्या जमिनीची किंमत वाढली त्याने त्या वाढीचा काही भाग परत द्यावा अशी तरतूद होती. फरक इतकाच की तिथे सरकार मागत होतं. टोरांटोत देणारेच मागत होते.

पण शहराला असा अधिकारच नव्हता. कॅनडात नगरपालिका म्हणजे प्रांताचं लेकरू. प्रांताने कायद्यात लिहून दिलं असेल तेवढंच तिला करता येतं. म्हणून आधी ओंटारिओ प्रांताच्या कायद्यात १९६९ च्या अखेरीस नवं कलम घालावं लागलं. मग १४ मे १९७० रोजी टोरांटोने १७०-७० क्रमांकाचा उपविधी संमत केला आणि ब्लूर-जेन-रनीमीड सुधारणा क्षेत्र अस्तित्वात आलं. जगातली ही पहिली बीआयए, म्हणजे बिझनेस इम्प्रूव्हमेंट एरिया. पुढे त्या भागाला ब्लूर वेस्ट व्हिलेज हे नाव पडलं. उपविधी झाला तेव्हा भुयारी रेल्वे येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

पहिल्या वर्षाचा अर्थसंकल्प ४७,५०० डॉलरचा होता. त्यातून रस्त्यावर दिवे आले, फुलझाडांच्या कुंड्या आल्या, बाकं आली, सणासुदीची आरास आली. बाकाची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. बाकावर बसलेला माणूस काहीच विकत घेत नसतो. कुठलाही एकटा दुकानदार आपल्या पैशाने शेजाऱ्याच्या दारात बाक ठेवणार नाही. पण बाजार म्हणून विचार केला की कळतं, जिच्या गुडघ्यांना दोन मिनिटं विसावा मिळतो ती आजी पुढच्या चार दुकानांपर्यंत चालत जाते. बाक फक्त पूर्ण रस्त्यालाच परवडतं.

या भागात एक जुळून आलेली गोष्टही होती. भुयारी रेल्वे खणताना ती ब्लूर स्ट्रीटच्या बरोबर खालून न नेता थोडी उत्तरेला, दुकानांच्या मागच्या अंगाने नेली होती. वरून खंदक खणायचा, रूळ टाकायचे आणि पुन्हा झाकायचं, अशी ती पद्धत. त्यामुळे दुकानांमागे मोकळ्या जमिनीचे तुकडे राहिले आणि त्यांतले कितीतरी वाहनतळ झाले. मॉलकडे असलेली गाडी लावायची सोय, ज्या रेल्वेने गिऱ्हाईक पळवलं तिच्याच पाठीवर मिळाली.

आता या पट्टीचा हिशेब. ओंटारिओत तो असा चालतो: दरवर्षी बीआयएच्या सभासदांची सभा भरते. सभासद व्हायला अर्ज लागत नाही. रेघेच्या आत धंदा असला की तुम्ही सभासद. सभेत पुढच्या वर्षीचा खर्च ठरतो, मग तो नगर परिषदेपुढे मंजुरीला जातो. मंजूर रक्कम त्या क्षेत्रातल्या व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तांवर त्यांच्या करमूल्याच्या प्रमाणात वाटली जाते. समजा वर्षाचा खर्च एक लाख डॉलर ठरला आणि तुमच्या जागेचं मूल्य क्षेत्रातल्या एकूण मूल्याचा शंभरावा हिस्सा असेल, तर तुमची पट्टी हजार डॉलर. इथे दर आधी ठरत नाही. आधी काय करायचं ते ठरतं, मग त्याला किती लागेल ते, आणि शेवटी तुमचा वाटा. घरातल्या कार्याचा खर्च भावंडांनी ऐपतीप्रमाणे वाटून घ्यावा, तसा.

विरोध करायची वाटही कायद्यातच आखून दिली आहे. नवं क्षेत्र करायचं ठरलं की प्रत्येकाला नोटीस जाते आणि ६० दिवसांची मुदत मिळते. ज्यांना नोटीस गेली त्यांतल्या किमान एक तृतीयांश जणांनी लेखी हरकत घेतली, आणि त्यांच्याकडे मिळून कराचाही किमान एक तृतीयांश वाटा असला, तर प्रस्ताव तिथेच संपतो. म्हणजे डोकीही मोजायची आणि पैसेही मोजायचे. ब्रिटनने हीच कल्पना आणखी काटेकोर केली. तिथे २००३ च्या कायद्यानंतर अशी क्षेत्रं सुरू झाली आणि पहिलं २००५ मध्ये लंडनमधल्या किंग्स्टन अपॉन टेम्स इथे उभं राहिलं. तिथे रीतसर मतदान होतं आणि ते दोन कुलपांच्या तिजोरीसारखं असतं. मत देणाऱ्या व्यावसायिकांतली बहुसंख्या हवी हे एक कुलूप. बाजूने मत देणाऱ्यांच्या जागांचं करमूल्यही जास्त भरलं पाहिजे हे दुसरं. त्यामुळे एकटं मोठं दुकान छोट्यांवर पट्टी लादू शकत नाही, आणि खूपशा छोट्यांनी मिळून एका मोठ्याच्या खिशात हात घालणंही जमत नाही. शिवाय जास्तीत जास्त पाच वर्षांनी परवानगी आपोआप संपते. पुन्हा मत मागायला यावं लागतं. माझ्या ओळखीचा दुसरा कुठलाही कर पाच वर्षांनी दारात उभा राहून, मी राहू का जाऊ, असं विचारत नाही.

अमेरिकेत ही कल्पना न्यू ऑर्लिन्समध्ये लवकर पोहोचली. तिथल्या डाउनटाउन डेव्हलपमेंट डिस्ट्रिक्टला राज्याच्या विधिमंडळाने १९७४ मध्ये जन्म दिला. अमेरिकेत अशा क्षेत्राला बीआयडी, म्हणजे बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट म्हणतात, आणि राज्याराज्यांत आकारणीच्या तऱ्हा निराळ्या. न्यूयॉर्कमध्ये पट्टी जागेच्या मालकावर बसते. काही क्षेत्रांत ती करमूल्यावरून ठरते, काहींत दुकानाच्या दर्शनी बाजूची लांबी फुटांत मोजून. कॅलिफोर्नियाच्या १९८९ च्या कायद्यात जागेऐवजी धंद्यावरच वार्षिक आकारणी करता येते, आणि कुणाला किती लाभ होणार ते बघून धंद्याच्या प्रकाराप्रमाणे दर वेगळे ठेवता येतात. उपाहारगृहाला संध्याकाळच्या रोषणाईचा जेवढा उपयोग, तेवढा पहिल्या मजल्यावरच्या वकिलाला कुठला? तिथे नगर परिषदेला दरवर्षी अहवाल बघून, सुनावणी घेऊन आकारणी नव्याने ठरवावी लागते. निम्म्या रकमेचा भार ज्यांच्यावर पडणार आहे त्यांनी हरकत घेतली, तर ती बसत नाही.

न्यूयॉर्कमधलं एक उदाहरण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मॅनहॅटनमध्ये शहराच्या मोठ्या ग्रंथालयामागे ब्रायंट पार्क आहे. १९७०च्या दशकात तिथे अमली पदार्थांचा बाजार भरत असे आणि सभ्य माणूस त्या बाजूने जायचं टाळी. विल्यम व्हाइट हे माणसांच्या वागण्याचे विलक्षण निरीक्षक होते. लोक चौकात कुठे बसतात, कुठे रेंगाळतात, याचं त्यांनी कॅमेरे लावून वर्षानुवर्षं चित्रण केलं होतं. त्यांनी या बागेचं निदान केलं: बाग रस्त्यापेक्षा उंचावर आहे, भोवती कुंपण आणि दाट झुडपं आहेत, म्हणून आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. जिथे दिसत नाही तिथे भलं माणूस जात नाही. आजूबाजूच्या मालमत्ताधारकांच्या पट्टीचा आधार मिळालेल्या संस्थेने, डॅन बीडरमन यांच्या नेतृत्वाखाली, बाग १९८८ मध्ये बंद करून नव्याने घडवली. झुडपं काढली, वाटा मोकळ्या केल्या, हिरवळीच्या पोटात ग्रंथालयाची पुस्तकं ठेवायला तळघर झालं. १९९२ मध्ये बाग उघडली तेव्हा तिथे सुट्या, उचलून हलवता येणाऱ्या खुर्च्या होत्या. चोरीला जातील अशी भीती कुणालाही वाटली असती. पण व्हाइट यांनी पाहिलं होतं की माणूस खुर्चीवर बसण्याआधी ती बोटभर तरी सरकवतोच. ती जागा त्याला आपली करायची असते. आज दुपारी तिथे खुर्ची मिळणं कठीण असतं, आणि तिथलं सार्वजनिक स्वच्छतागृह ताज्या फुलांसाठी प्रसिद्ध आहे. सार्वजनिक स्वच्छतागृहात ताजी फुलं! त्या बागेच्या खर्चासाठी शहराच्या तिजोरीतून पैसा घेतला जात नाही.

पण याच शहरात या कल्पनेची काळी बाजूही दिसली, आणि ती झाकून ठेवली तर कौतुक खोटं ठरेल. ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या परिसरातल्या बीआयडीने बेघर माणसांसाठी एक प्रशिक्षणाचा कार्यक्रम चालवला होता. त्यात त्यांच्याकडून काम करून घेतलं जाई आणि मोबदला मिळे तासाला साधारण एक डॉलर, किमान वेतनाच्या कितीतरी खाली. प्रकरण न्यायालयात गेलं. १९९८ मध्ये हे प्रशिक्षण नसून काम आहे आणि त्याला किमान वेतन द्यावंच लागेल, असा निकाल लागला. तो देणाऱ्या न्यायाधीश होत्या सोनिया सोटोमायोर, ज्या २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९८ मध्येच शहरानेही त्या संस्थेचा करार पुढे चालू ठेवायला नकार दिला.

मूळ प्रश्न त्याहून खोल आहे. नकाशावरच्या रेघेच्या आत माणसं फक्त पट्टी भरणारीच नसतात. वरच्या मजल्यावर भाडेकरू राहतात, कोपऱ्यावर फेरीवाला उभा असतो, बाकावर बेघर माणूस झोपतो. त्यांची पट्टीत भर नसते, म्हणून सभेत त्यांचा आवाज एक तर नसतो किंवा फार बारीक असतो. न्यूयॉर्कमध्ये संचालक मंडळावर मालक, दुकानदार आणि रहिवासी यांच्याबरोबर महापौरांचा आणि स्थानिक नगरसेवकाचा प्रतिनिधी असतो, कित्येक क्षेत्रांत घरमालकाला वर्षाला एकच डॉलर द्यावा लागतो, पण बहुमत मालकांचंच राहतं. छोट्या दुकानदाराचं दुखणं वेगळं. पट्टी मालकावर बसते, मालक ती भाड्यात मिसळतो, आणि निर्णायक मत मात्र मालकाकडेच राहतं. रस्ता सुंदर झाला की भाडंही चढतं. ज्याने सुंदर करायला हातभार लावला तोच एखाद वेळी तिथून उठतो. आणि श्रीमंत रस्त्याची पट्टी मोठी, गरीब रस्त्याची छोटी, हे तर उघडच आहे. शहराने त्या भरवशावर गरीब रस्त्यावरचा झाडू काढून घेतला नाही ना, यावर लक्ष ठेवणं हे नगरसेवकांचं काम आहे. ते त्यांनी केलं तरच ही पट्टी न्यायाची, असं माझं मत.

फायदा खरोखर होतो का, याचा अभ्यास झाला आहे. अर्थशास्त्रज्ञ लीह ब्रूक्स यांनी लॉस एंजेलिसमधली क्षेत्रं तपासली. जिथे बीआयडी झाली तिथे गुन्हे ६ ते १० टक्क्यांनी घटले, असं त्यांना २००८ मध्ये आढळलं. त्यांच्या शोधनिबंधाच्या नावातच, स्वखुशीने कर लावून घेणं, या अर्थाचे शब्द आहेत. इतक्या कोरड्या विषयाच्या अभ्यासकालाही तेच नवल वाटलं होतं तर!

आपल्याकडे या घराण्याची जवळची नातेवाईक म्हणून मुंबईतल्या काळा घोडा असोसिएशनकडे बघता येईल. १९९८ मध्ये ती स्थापन झाली, पुढच्या वर्षीपासून तिचा कलामहोत्सव सुरू झाला, आणि त्या परिसरातल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीला तिने पैसा उभा केला. कल्पना तीच: शहराचा एक तुकडा ओळखायचा, त्याला नाव द्यायचं, त्याची काळजी घ्यायची. पण ती स्वेच्छेवर आणि प्रायोजकांवर चालते, रेघेच्या आतल्या प्रत्येकाच्या करबिलावर नाही.

टोरांटोत आज ८० हून अधिक बीआयए आहेत. त्यांतल्या एकीचं नाव आहे जेरार्ड इंडिया बझार. शहराच्या पूर्वेकडे, जेरार्ड स्ट्रीटवर. १९७२ च्या सुमारास ग्यान नाझ नावाच्या गृहस्थांनी तिथलं एक जुनं चित्रपटगृह घेऊन त्यात हिंदी चित्रपट दाखवायला सुरुवात केली. चित्रपटाला दुरून दुरून कुटुंबं यायची, मग त्यांच्यासाठी साड्यांची दुकानं आली, मसाल्यांची आली, मिठाईची आली. डाळी, पापड आणि हळदीसाठी मराठी घरंही तिथे पिशव्या घेऊन जात आली आहेत. त्या साडीच्या दुकानाला आणि शेजारच्या पानाच्या गादीला तीच पट्टी भरावी लागते, जी ब्लूरवरच्या दुकानदारांनी स्वतःसाठी मागून घेतली होती.

जेरार्डवरून ट्राम अजूनही जाते, ५०६ क्रमांकाची. दर उन्हाळ्यात ही बीआयए दक्षिण आशियाचा महोत्सव भरवते. तेव्हा रस्ता वाहनांना बंद होतो, ट्राम दुसऱ्या वाटेने वळवली जाते, आणि रुळांवर मक्याची कणसं भाजली जातात.